पुणे जिल्ह्यात पहिल्यांदाच शेती करताय? कोणत्या हंगामात काय पेरायचं

नोकरी शहरात आणि वडिलांच्या नावावरची चार-पाच एकर गावाकडे, अशी पुण्यात कितीतरी घरं आहेत. वर्षानुवर्षं जमीन वाट्याने दिलेली असते. मग एक दिवस वाटेकरी म्हणतो, यंदापासून जमणार नाही, आणि बांधापलीकडे कधी न गेलेल्या माणसाला विचार करावा लागतो की आता लावायचं काय. सल्ला देणारे लगेच जमतात. कुणी ड्रॅगन फ्रूट सांगतो, कुणी चंदन, कुणी बांबू. पहिल्या वर्षी यातलं काहीच नको. पीक आधी ठरवून त्याला जमीन शोधायची नसते. पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरतं आणि माती किती खोल आहे, एवढं कळलं की निम्मी पिकं आपोआप गळतात आणि उरलेल्यांतून निवड करणं सोपं जातं.

पहिलं काम: आपला पट्टा ओळखा

ताम्हिणीतून निघून इंदापूरला पोचायला गाडीने अर्धा दिवसही लागत नाही. तेवढ्या अंतरात वर्षाचा पाऊस चार हजार मिलिमीटरच्या पुढून पाचशेच्या आसपास येतो. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवर चढताना रिकामे होतात आणि पूर्वेला उरतो तो पर्जन्यछायेचा प्रदेश. म्हणून ‘पुणे जिल्ह्यात काय पिकतं’ या प्रश्नाला एक उत्तर नाही.

मावळ, मुळशी, वेल्हे, भोरचा पश्चिम भाग आणि जुन्नर-आंबेगाव-खेडची डोंगराकडची गावं हा भाताचा पट्टा. मधल्या पट्ट्यात बाजरी, सोयाबीन, भुईमूग, बटाटा, कांदा, टोमॅटो, कडधान्यं असं सगळं मिसळलेलं असतं. पुरंदरचा वाटाणा, अंजीर आणि सीताफळ, मंचरच्या बाजूच्या सातगाव पठारावरचा पावसाळी बटाटा, नारायणगावचा टोमॅटो ही याच पट्ट्यातली नावं. पूर्वेकडे शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर. तिथे पाट किंवा नदी जवळ असेल तर ऊस आणि नसेल तर बाजरी नाहीतर रब्बी ज्वारी. एका रस्त्याच्या अलीकडे ऊस आणि पलीकडे माळरान, असं चित्र दौंडकडे सर्रास दिसतं. फरक फक्त पाटाचा.

तालुक्याच्या नावावरून मात्र अंदाज बांधू नका. एकट्या जुन्नर तालुक्यात पश्चिमेला भात आणि पूर्वेला बाजरी आहे. शिवारात फिरून शेजाऱ्यांनी गेली तीन वर्षं काय घेतलं ते पाहा. तुमच्या सातबाऱ्यावर, म्हणजे गाव नमुना बारामध्ये, मागच्या वर्षांची पिकं नोंदलेली असतात, तीही वाचा. आणखी एक खूण तलाठ्याकडे मिळते. महसूल खात्याने पैसेवारीसाठी, म्हणजे पीक किती आलं याच्या सरकारी अंदाजासाठी, गावं खरिपाची आणि रब्बीची अशी वेगळी केलेली असतात. तुमचं गाव रब्बीचं असेल, तर तिथल्या जुन्या लोकांनी मुख्य पीक पावसाळ्यानंतरचं का धरलं, हे समजून घेतल्याशिवाय जूनमध्ये बियाणं विकत घेऊ नका.

दुसरं काम: खड्डा

मे महिन्यात, जमीन मोकळी असताना, शेतात तीन ठिकाणी तीन फूट खोल खड्डे घ्या. टिकाव-फावडं पुरतं. फूटभरातच मुरूम लागला तर जमीन हलकी, दोन फुटांपर्यंत माती असेल तर मध्यम आणि त्याखालीही काळीच माती येत राहिली तर भारी. हलकी जमीन चार दिवस उघडीप पडली की सुकते. भारी काळी जमीन पावसाळ्यात पाणी पोटात धरते आणि दिवाळीनंतरही पिकाला पाजते. रब्बी ज्वारीचं अख्खं गणित या साठवलेल्या ओलीवर उभं आहे.

त्याच वेळी मातीचा नमुनाही काढा. शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा करायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची आणि सगळी एकत्र करून त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्यायची. उकिरड्याजवळची, झाडाखालची, बांधालगतची माती घेऊ नका. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात आणि बारामती, नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रांत याची चौकशी करता येते.

विहिरीचा प्रश्न मालकाला विचारून उपयोग नाही, मालक म्हणजे तुम्हीच. शेजाऱ्याला विचारा, "विहीर कधी तळ दाखवते?" जानेवारीत दाखवत असेल तर तुमच्याकडे खरीप अधिक हरभरा एवढंच आहे. मार्चपर्यंत चालत असेल तर गहू-कांदा जमतो. मे महिन्यातही मोटार तासभर चालत असेल तरच उन्हाळी पिकाचं नाव काढा. पाटाचं पाणी असेल तर आवर्तनं, म्हणजे पाण्याच्या पाळ्या, किती आणि कधी मिळतात ते पाटबंधारे शाखेत विचारा, कारण धरण भरलेलं दिसलं म्हणून तुमच्या चारीला पाणी येतंच असं नाही.

खरीप: मृगापासून, पण वापशावर

नैर्ऋत्य मोसमी पाऊस पुण्यात साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. गावात तारखेऐवजी नक्षत्र ऐकू येईल. मृग ७-८ जूनला लागतं, मग साधारण पंधरवड्याच्या अंतराने आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असं पुढे हस्त-चित्रा-स्वातीपर्यंत. ही नक्षत्रं सूर्याच्या गतीवर मोजतात, म्हणून इंग्रजी तारखा फारशा हलत नाहीत. देहू-आळंदीहून पालख्या निघण्याची तारीख मात्र चांद्र महिन्यावर असते आणि अधिक मास आला की पंधरा-वीस दिवसांनी सरकते. त्यामुळे ‘पालखी गेली की पेरायचं’ हा हिशेब धरू नये. पुनर्वसूला तरणा पाऊस, पुष्याला म्हातारा, मघेला सासूचा आणि पूर्वा नक्षत्राला सुनेचा पाऊस म्हणतात. पंचांगात तर प्रत्येक नक्षत्राचं वाहनही दिलेलं असतं आणि बेडूक किंवा म्हैस निघाली की पारावर चर्चा रंगते. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात हललं आणि शिवाजीनगरची ती इमारत अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखली जाते. खात्याचा जिल्हावार कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. वाहनाची गंमत ऐका, पेरणी सल्ला वाचून करा.

नवख्या माणसाची सगळ्यात महाग घाई पहिल्या पावसाला होते. वळवाची एक जोरदार सर पडते, वरची चार बोटं भिजतात आणि पाभर, म्हणजे पेरणीचं औत, निघते. बी उगवतं, पाऊस दहा दिवस दडी मारतो आणि कोंब खालच्या कोरड्या मातीत मान टाकतात. मग दुबार पेरणी, म्हणजे बियाणं, खत आणि मजुरी पुन्हा. कृषी खातं ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं दरवर्षी सांगतं ते यासाठीच.

पर्जन्यमापक नसेल तर हातावर पाहा. वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्या आणि दाबून लाडू वळा. लाडू वळलाच नाही तर ओल कमी. वळला, पण बोटांना चिकटतोय, कमरेइतक्या उंचीवरून सोडला तर थापटीसारखा पडतोय, तर ओल जास्त. अशा रानात औत घातलं की ढेकळं निघतात आणि माती तुडवली जाते. लाडू नीट वळला आणि खाली पडून भुगा झाला, तर तो वापसा. भारी जमिनीत मोठ्या पावसानंतर वापसा यायला तीन-चार दिवस लागतात, मुरमाड रानात दुसऱ्या दिवशीही येतो. शेजाऱ्याने पेरलं म्हणून आपण पेरायचं नाही, कारण त्याचं रान वेगळं असतं.

आता पिकं. मूग आणि उडीद सगळ्यात आधी, जूनअखेर किंवा फार तर जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. साठ-सत्तर दिवसांत मोकळे होतात, त्यामुळे मागून रब्बी घेता येतं. सोयाबीन १५ जुलैपर्यंत. बाजरीला जुलैअखेरपर्यंत वेळ आहे आणि पाऊस लांबलेल्या वर्षी हलक्या-मध्यम रानात तीच वाचवते. एकच पीक घेण्यापेक्षा बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक, किंवा सोयाबीनच्या तीन ओळींनंतर तुरीची एक, असं आंतरपीक घ्या. एकाने दगा दिला तर दुसरं हाताशी राहतं, आणि तूर जमिनीत नत्रही सोडते.

सोयाबीनच्या बियाण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथे नवखे हमखास फसतात. या दाण्याचं टरफल पातळ असतं. पोती आपटली, एकावर एक थप्पी लावली किंवा मळणीयंत्र जोरात फिरवलं की आतला अंकुर दुखावतो आणि दाणा वरून छान दिसतो. म्हणून पेरणीच्या दहा दिवस आधी घरीच उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट टाका, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सात-आठ दिवसांनी उलगडून धडधाकट कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त असतील तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. सत्तरच्या खाली आले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवायचं आणि साठच्याही खाली गेले तर ते बियाणं परत करायचं. पेरणीआधी बुरशीनाशकाची, मग रायझोबियम या जिवाणू खताची प्रक्रिया करा, उलट क्रमाने नाही. बी दीड-दोन इंचापेक्षा खोल जाऊ देऊ नका. दुकानातून घेतलं असेल तर पक्की पावती, पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि मूठभर बी काढणी होईपर्यंत जपून ठेवा. उगवण झाली नाही तर तक्रार त्यावरच चालते.

भाताचं शास्त्र वेगळं. तिथे पेरणी रोपवाटिकेत आणि लावणी खाचरात. जूनच्या सुरुवातीला गादीवाफ्यावर रोपं टाकायची, तीन-साडेतीन आठवड्यांची झाली की चिखलणी करून लावायची. जास्त वयाची रोपं लावली की फुटवे कमी येतात, म्हणून पाऊस आणि मजूर दोन्ही एकाच वेळी मिळणं हे मावळातलं खरं दुखणं. जिथे सावड अजून टिकून आहे तिथे तिच्यात सामील व्हा, म्हणजे आज त्यांच्या खाचरात तुम्ही आणि उद्या तुमच्यात ते. वाण कोणता, यावर फार डोकं खर्चू नका. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला इंद्रायणी या हवेत रुळलेला आहे, आणि त्याला पुण्यातच गिऱ्हाईक आहे.

काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. नेमका तेव्हाच हस्ताचा पाऊस असतो. ‘पडेल हत्ती तर पडतील भिंती’ असं जुने लोक उगाच म्हणत नाहीत. सोयाबीनच्या शेंगा तपकिरी झाल्या की कापून लगेच ढीग झाका, नाहीतर शेंगेतच मोड येतात.

रब्बी: पूर्वेकडचा खरा हंगाम

पूर्व पट्ट्यात जून-जुलै बेभरवशाचे आणि सप्टेंबरचा पाऊस सगळ्यात मोठा. म्हणून तिथे भारी रान पावसाळाभर मोकळं ठेवतात, कुळवाच्या पाळ्या घालून तण मारतात आणि पाणी मुरवतात. पडीक दिसतं, पण ती तयारीच असते. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यात ज्वारी पेरायची, एकरी चार किलो बी, दोन चाड्यांच्या पाभरीने खत आणि बी एकदमच. वाण मातीच्या खोलीवर निवडायचा: हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. मालदांडी या जुन्या वाणाची भाकरी आणि कडबा यांची चव माणसं आणि जनावरं दोघंही विसरत नाहीत, त्यामुळे ती अजून टिकून आहे.

यानंतर ज्वारीला पाऊस मिळणार नाही हे धरूनच चालायचं. तिसऱ्या आठवड्यात पहिली कोळपणी, म्हणजे ओळींमधली माती कोळप्याने हलवणं, तणासाठी, पाचव्यात दुसरी आणि आठव्या आठवड्यात तिसरी. शेवटच्या कोळपणीत तण फारसं नसतं. तेव्हा काळ्या रानाला भेगा पडू लागतात आणि ओल त्यांतून उडते, म्हणून दातेरी कोळप्याने त्या बुजवायच्या. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, ही म्हण जिराईत, म्हणजे फक्त पावसावर शेती करणारे, शेतकरी अक्षरशः पाळतात. शिवारात एकट्याचीच ज्वारी असेल तर मात्र विचार करा. हुरड्यात आल्यावर सगळ्या पंचक्रोशीतली पाखरं तुमच्याच रानात उतरतील आणि गोफण घेऊन बसायला शहरातून कोण येणार?

हरभरा नवख्यासाठी सगळ्यात सोपा. जिराईत असेल तर २० सप्टेंबर ते १० ऑक्टोबर, पाणी असेल तर १० नोव्हेंबरपर्यंत. सोयाबीन निघाल्यावर बागायतीत तोच बसतो. पाणी दोनदा पुरतं, फांद्या फुटताना आणि घाटे भरताना. प्रेमापोटी तिसरं-चौथं दिलं की पीक उभळतं, नुसता पाला माजतो.

गव्हाला थंडी हवी आणि पुण्याची थंडी तोकडी. म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला गहू चांगला, डिसेंबरच्या मध्यानंतर पेरूच नये. पाणी मर्यादित असेल तर वेळ सांभाळा: एकच देता येत असेल तर पेरणीनंतर ४०-४२ दिवसांनी, दोन देता येत असतील तर २०-२२ आणि ६०-६५ दिवसांनी. तीन असतील तर ही तिन्ही वेळा. विसाव्या दिवसाच्या सुमारास मुकुटमुळं फुटतात, तेव्हा ताण बसला की फुटवे कमी येतात आणि ते नंतर पाणी देऊन भरून निघत नाही.

कांदा तिन्ही हंगामांत होतो, म्हणून गोंधळ होतो. खरिपाचा लाल कांदा आणि त्यामागचा रांगडा टिकत नाहीत, काढले की विकावे लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोप टाकून डिसेंबर-जानेवारीत लावलेला आणि एप्रिलमध्ये निघणारा गावरान कांदा कांदाचाळीत चार-पाच महिने राहतो. पहिल्यांदा करत असाल तर हाच करा, कारण भाव पडला तर थांबायची मुभा यातच आहे. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे, रब्बीसाठी भीमा शक्ती, भीमा किरण हे वाण तिथलेच. चाकणचा बाजारही हाकेच्या अंतरावर.

उन्हाळी, आणि उसाबद्दल

उन्हाळी भुईमूग १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी. कडाक्याच्या थंडीत उगवण रेंगाळते आणि फार उशीर केला तर काढणी वळवात सापडून शेंगा जमिनीतच उगवतात. कलिंगड, काकडी, गवार, भेंडी याच काळातली, पण ती रोज लक्ष मागतात. शनिवार-रविवार येणाऱ्या माणसाने भेंडी लावू नये, सोमवारी तोडायची ती शनिवारी निबर झालेली असते.

ऊस तीन वेळा लावतात: आडसाली जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर आणि ‘सुरू’ १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. ‘सुरू’ ऊस वर्षभरात, आडसाली दीड वर्षाच्या आसपास तुटतो. ऊस सोपा वाटतो, कारण एकदा लावला की पेरणी-काढणीची धावपळ नाही. पण तो भर उन्हाळ्यातही पाणी मागतो, कारखान्याकडे नोंद लागते आणि तोड आपल्या हातात नसते. जमीन ओळखीची झाल्याशिवाय तिला दीड वर्ष एका पिकात अडकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरकडे उसात बिबट्या राहतो. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने रात्रीची येते, तेव्हा पाणी धरायला एकट्याने जायचं नाही. दोघं असा आणि चांगली बॅटरी जवळ ठेवा.

कागदांची कामं हंगामातच उरका

पेरणी झाली की ई-पीक पाहणी. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईल ॲपवरून करायची आहे. खरीप, रब्बी आणि उन्हाळी, प्रत्येक हंगामाची वेगळी नोंद आणि प्रत्येकीची मुदत ठरलेली. नोंद नसेल तर सातबारा कोरा दिसतो आणि हमीभावाची खरेदी, नुकसानभरपाई, विमा या सगळ्यांत अडचण येते. पीक विम्याचा शेतकरी हिस्सा खरिपाच्या अन्नधान्य व गळीतधान्य (तेलबिया) पिकांना विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के असतो. खरिपाची मुदत सहसा जुलैअखेर असते, पण शेवटच्या दिवशी सर्व्हर चालेल या भरवशावर बसू नका. त्याआधी शेतकरी ओळख क्रमांक काढून ठेवा, आता बहुतेक योजनांना तो मागतात.

जमीन तुमच्या आणि भावंडांच्या सामाईक नावावर असेल तर नोंद कोण करणार हे जूनमध्येच घरात ठरवा. पिकाचा फोटो त्या गट नंबरच्या शेतात उभं राहूनच काढावा लागतो, कोथरूडच्या गॅलरीतून तो निघत नाही. वाट्याने दिलेल्या तुकड्यातही नोंद तुमच्याच खात्यावर पडणार, तेव्हा वाटेकऱ्याने तिथे काय पेरलंय ते त्या दिवशी त्याच्यासोबत बांधावर जाऊन बघून घ्या.